परत फिरण्याचा खर्च

यवतमाळवरून समुद्र दोन्ही बाजूंनी सारखाच लांब आहे. नकाशावर सरळ रेषा ओढली तर पश्चिमेला अरबी समुद्र आणि आग्नेयेला बंगालचा उपसागर, दोन्ही साधारण साडेपाचशे ते पावणेसहाशे किलोमीटरवर येतात. रस्त्याने गेलं तर त्याहून बरंच जास्त. त्यामुळे आमच्याकडे समुद्र ही पाहायची गोष्ट आहे, आयुष्यात एकदा, जमलं तर. माझ्या आजीने तो पाहिला नाही. आईने पाहिला तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती.

याचा अर्थ आम्हाला पाणी कळत नाही असा मात्र नाही. पैनगंगा, अरुणावती, अडाण, बेंबळा या नद्यांच्या काठाने आमची गावं आहेत. उन्हाळ्यात टँकर आणि पावसाळ्यात पूर, हे दोन्ही आम्ही एकाच वर्षात पाहतो. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर एसटीची बस पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात वाहून गेली आणि त्यात माणसं गेली. तेव्हापासून जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही विचारा, ते सांगेल की पुलावरून पाणी असेल तर गाडी घालायची नाही. आमचं पाण्याचं ज्ञान हे असं आहे. खरं आहे, पण पुराचं आहे. पूर एका दिशेने जातो आणि ओसरतो. समुद्र ओसरून परत येतो, आणि दिवसातून दोनदा येतो.

मी दारव्हा तालुक्यातली. इंजिनिअरिंग करून पुण्यात आयटीत लागले, त्याला आता सहा वर्षं होतील. २०२२ मध्ये कंपनीने सहा महिन्यांसाठी ब्रिटनला पाठवलं. तिथल्या टीममधल्या लोकांनी एका शनिवारी वेल्समध्ये पेंब्रोकशरच्या किनाऱ्यावर नेलं. सेंट डेव्हिड्स नावाचं छोटं गाव आहे. कोस्टियरिंग हा प्रकार मी तिथे पहिल्यांदा केला. डोक्यावर हेल्मेट, अंगात वेटसूट आणि लाइफजॅकेट, पायात जुने बूट अशा थाटात खडकाळ किनाऱ्याला धरून, कधी चढत, कधी चालत, कधी पाण्यात उतरून पोहत पुढे जायचं. शब्द १९७० च्या दशकातला आणि पर्यटकांसाठी त्याच्या सहली सुरू झाल्या १९८० च्या दशकात, याच गावातून.

त्या दिवसातली एक साधी गोष्ट डोक्यात राहिली. आमच्या प्रशिक्षक बाईंनी पाण्यात उतरण्याआधी आम्हाला पंधरा मिनिटं काठावर नुसतं उभं केलं. लाटा कुठे फुटतात, किती वेळाने मोठी येते, पाणी कोणत्या कपारीतून परत जातं, हे बघा म्हणाल्या. पुढे एका कड्यावरून उडी मारायची होती. तिथे पोचल्यावर त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाल्या, आज इथून नाही. आणि कोणीच काही बोललं नाही. मला आश्चर्य वाटलं. नंतर लक्षात आलं की त्या टोळक्यातले बाकी सगळे दोन-तीन तासांच्या अंतरावर राहणारे होते. त्यांच्यासाठी ‘आज नाही’चा अर्थ ‘पुढच्या शनिवारी’ असा होता.

परत आल्यावर गावाकडच्या अभ्यासिकेतल्या मुलामुलींना हे फोटो दाखवले. पत्र्याच्या शेडमध्ये चालणारी अभ्यासिका आहे. एक निवृत्त गुरुजी ती चालवतात. पोलीस भरती, तलाठी, स्टाफ सिलेक्शन, जे निघेल त्याचा अभ्यास चालतो. पहाटे पाचला ही पोरं दारव्हा रोडवर पळतात. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, “ताई, हे आपल्याकडं नाही का कुठं?”

आहे. निदान त्याचा एक जुना भाऊबंद आहे. श्रीवर्धन तालुक्यातल्या हरिहरेश्वरला देवाची प्रदक्षिणा देवळाभोवती संपत नाही. वाट डोंगरावर चढते, मग कड्यातल्या अरुंद खिंडीतून पायऱ्यांनी थेट समुद्राच्या अंगाला उतरते. खाली लाटांनी कोरलेला सपाट खडक आहे, आणि कड्याच्या भिंतीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली आहे. त्या खडकावरून डोंगराला वळसा घालून माणूस किनाऱ्यावर येतो. ही वाट ओहोटीलाच चालता येते. भरतीत ती पाण्याखाली जाते, आणि उधाणात खडकावर उभं राहणाऱ्याला लाट ओढून नेते. तसे जीव तिथे गेलेले आहेत आणि सूचनेचे फलकही लावलेले आहेत. पिढ्यान् पिढ्या लोक ओहोटीची वेळ बघून ही प्रदक्षिणा करत आले. त्याला कोणी साहसी खेळ म्हटलं नाही, एवढंच.

ठरवलं की अभ्यासिकेतल्या पोरांना तिथे न्यायचं. पूर्ण कोस्टियरिंग करायचं नव्हतं. उड्या नाहीत, कपारीत पोहणं नाही. हेल्मेट आणि लाइफजॅकेट घालून, जाणत्या माणसाबरोबर, खडकावरून चालायचं. पुण्यातल्या माझ्या ट्रेकिंगच्या ग्रुपमधले दोघं मदतीला तयार झाले. दोघांनीही पाण्यातल्या बचावाचं प्रशिक्षण घेतलेलं होतं.

मग मी अभ्यासाला बसले. पहिला शोध लागला तो कालनिर्णयमध्ये. कोकणात भरतीचा एक तोंडी हिशेब आहे: तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची घड्याळातली वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा वाजता भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज उशिरा उगवतो आणि त्याच्याबरोबर भरतीही रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. तिथीमागे पाऊण तास धरला की हिशेब बोटांवर बसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी. अभ्यासिकेच्या फळ्यावर मी हे लिहिलं तेव्हा भरतीच्या गणिताला सरावलेल्या पोरांनी दोन मिनिटांत महिनाभराचं वेळापत्रक काढलं. ‘भरती’ या शब्दावरून दिवसभर विनोद झाले ते वेगळेच.

पण हिशेब आला म्हणून समुद्र कळला असं होत नाही, हे मला मुरूडच्या घटनेने शिकवलं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका कॉलेजची सहल मुरूडच्या किनाऱ्यावर गेली होती. १४ विद्यार्थी बुडाले. मी त्या दिवसाचं पंचांग काढून पाहिलं. कृष्ण अष्टमी. म्हणजे भांगाचे दिवस, पंधरवड्यातला सगळ्यात सौम्य चढउतार. उधाण नसताना, पावसाळा नसताना, सपाट वाळूच्या किनाऱ्यावर हे झालं. वाळूखालचा उतार, माघारी जाणाऱ्या पाण्याची ओढ, एकाला वाचवायला दुसऱ्याने जाणं, हे कुठल्याच तिथीत लिहिलेलं नसतं.

सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमिनीवरचे, पाण्यातले आणि हवेतले असे सगळे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. मी ते वाचलं, साहित्य आणि वाटाड्या नोंदणी असलेल्या माणसाकडूनच घ्यायचा ठरवला. पण सगळ्यात जास्त कामाला आली ती ब्रिटनमधली एक जुनी घटना. २२ मार्च १९९३ रोजी लाइम बे या उपसागरात प्लिमथच्या शाळेतली ८ मुलं, त्यांचे शिक्षक आणि २ प्रशिक्षक कयाकमधून निघाले होते. ४ मुलं गेली. चौकशीत बाहेर आलं की त्या केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी आदल्या वर्षीच नोकरी सोडली होती आणि सुरक्षा सुधारा नाहीतर कोणाचा तरी जीव जाईल, असं मालकाला पत्रातून कळवलं होतं. केंद्र चालवणाऱ्याला तुरुंगवास झाला, आणि १९९५ मध्ये तिथे अशा केंद्रांना परवाना बंधनकारक करणारा कायदा झाला. मला त्यातलं ते पत्र महत्त्वाचं वाटलं. धोका कळणारी माणसं तिथे होती. थांबवायचा अधिकार त्यांना नव्हता.

यावरून मी सहलीची आखणी केली. माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं आहे. नवीन बदल लाइव्ह करताना आम्ही आधी ठरवतो की काही बिघडलं तर मागे कसं जायचं. मागे जायची वाट अवघड असेल तर माणसं बिघाड दिसत असूनही पुढे रेटतात. सहलीतही तेच होतं, फक्त इथे सर्व्हरच्या जागी पोरं असतात. सेंट डेव्हिड्सच्या त्या लोकांना परत फिरायला काहीच पडत नव्हतं. आमच्या पोरांना काय पडणार होतं? माणशी २,८०० रुपये. त्यातल्या तिघींनी ते कापूस वेचून साठवले होते. दोन रात्रींचा प्रवास, घरच्यांची महिनाभर केलेली मनधरणी, आणि परत असं कधी घडेल याची शाश्वती नाही. सातशेहून जास्त किलोमीटर आलेल्या माणसाला ‘आज नको’ हे वाक्य ऐकूच येत नाही. यवतमाळचं समुद्रापासूनचं अंतर हाच आमच्या सहलीतला सगळ्यात मोठा धोका होता. कोणत्याही फॉर्ममध्ये त्याचा रकाना नव्हता.

म्हणून आम्ही आधीच काही गोष्टी लिहून काढल्या. पाच जबाबदार माणसं: मी, माझे दोन मित्र, गुरुजी आणि तिथला वाटाड्या. पाचातल्या एकानेही नाही म्हटलं तर नाही. मतदान नाही, समजावणं नाही. आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी इन्कॉइसचा इशारा बघायचा. हैदराबादच्या या केंद्राकडून लाटांचा अंदाज येतो. काठावर वीस मिनिटं उभं राहून पाणी बघितल्याशिवाय खडकावर पाय नाही. आणि प्रदक्षिणा झाली नाही तर काय, हे आधीच ठरलेलं: बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवी, तिथून बाणकोटचा किल्ला. हा दुसरा बेत पोरांना पहिल्याइतकाच रंगवून सांगायचा, हे मी गुरुजींना बजावलं.

पालकांची बैठक मारुतीच्या देवळात झाली. एका वडिलांना काळजीच नव्हती. “पोरगं पोहते, बाई. विहिरीत रोज उड्या मारते. त्याले समुद्राचं काय सांगता?” मी सांगितलं की विहिरीचं पाणी जागेवर असतं, तिथे पोहणाऱ्याला खडकावर कोणी आपटत नाही. त्यांना पटलं की नाही कोण जाणे. सही केली. मागे बसलेल्या एका आईने फॉर्म वाचलाच नाही. “पोरगी गेली तशी वापस पाह्यजे, बस,” एवढंच म्हणाली.

त्या वाक्याचा पूर्ण अर्थ बैठकीतल्या प्रत्येक बाईला माहीत होता. १६ जणांत ७ मुली होत्या. त्या गावातून एवढ्या मुली आईबापांशिवाय एवढ्या लांब पहिल्यांदाच निघाल्या होत्या. काही झालं असतं तर ते एका घरापुरतं राहिलं नसतं. पुढची दहा-पंधरा वर्षं प्रत्येक मुलीला ते ऐकवलं गेलं असतं.

सहल निघाली ३ मे २०२४ च्या रात्री ट्रॅव्हल्सने. पुण्याहून पुढे मिनी बस, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा. आमच्याकडे २६ एप्रिललाच मतदान होऊन गेलं होतं, सगळ्यांच्या बोटावर शाई होती. रायगडात ७ तारखेला होतं, त्यामुळे रस्ताभर प्रचाराच्या गाड्या. प्रदक्षिणा रविवारी, ५ मे रोजी. कृष्ण द्वादशी. बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. सकाळी नऊला भरती, दुपारी तीनच्या सुमाराला ओहोटी. फळ्यावर पोरांनीच काढलेला हिशेब होता आणि अगदी बरोबर होता.

शनिवारी इन्कॉइसचा इशारा आला. ४ मेच्या सकाळी साडेअकरापासून ५ मेच्या रात्री साडेअकरापर्यंत उंच लाटांचा. मुंबई महापालिकेनेही तो लोकांना कळवला होता. वारा नव्हता, आभाळ स्वच्छ, वादळाचं नाव नाही. या लाटा हजारो किलोमीटर दक्षिणेला, महासागरात उठलेल्या वादळाच्या असतात. तिथून निघून कित्येक दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात, आणि इथे सगळं शांत असताना अचानक पाणी वर येतं. मल्याळममध्ये याला ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात, चोर समुद्र.

रविवारी अडीचला आम्ही खिंडीच्या वर उभे होतो. आकाश निळं, ऊन कडक. ओहोटी ठरल्या वेळी लागली होती आणि खाली खडक उघडा दिसत होता. वीस मिनिटं बघत राहिलो. बहुतेक लाटा खडकाच्या कडेलाच फुटत होत्या. मग एक आली ती अर्धा खडक धुऊन गेली. नंतर सहा-सात मिनिटं काही नाही. मग पुन्हा तशीच. आमचा वाटाड्या मुळात मच्छीमार. तो काही समजावून सांगत बसला नाही. “आज नको. दर्या बरा नाय,” म्हणाला आणि जॅकेटच्या गाठोड्याला परत दोरी बांधायला लागला.

पोरांचं खाली लक्ष होतं. खाली माणसं चालत होती. एक कुटुंब होतं, कडेवर लहान मूल. दोन कॉलेजचे ग्रुप, सेल्फी काढत. भरतीच्या तयारीतला एक मुलगा, १६०० मीटर सहज पळणारा, माझ्याकडे वळला. “ताई, सातशे किलोमीटर आलो आपण. ते पाहा, लेकरं घेऊन लोकं चालले. आमाले हेल्मेट हाय, जॅकेट हाय. त्यायच्यापाशी तं काहीच नाही.”

मुद्दा खोटा नव्हता. मी म्हटलं, पाचातल्या एकाने नाही म्हटलंय. तो म्हणाला, मग बाकीच्या चौघांना विचारा. गुरुजी माझ्याजवळ आले, हळू आवाजात म्हणाले, “पोरं लई नाराज होतीन.” मी म्हटलं, होऊ द्या. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनीच शाळेतल्या आवाजात सगळ्यांना मागे फिरायला सांगितलं. सगळे वळले. त्या मुलाने संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं.

फेरीबोटीत बसल्यावर थोडं सावरलं. पूर्ण बस बोटीवर चढते हे पोरांनी पहिल्यांदा पाहिलं. बाणकोटचा किल्ला लहान, जांभ्या दगडाचा. १७५६ मध्ये तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. स्पर्धा परीक्षेला हे येऊ शकतं असं गुरुजींनी सांगितल्यावर चार वह्या निघाल्या. तटावरून सावित्रीचं मुख आणि पलीकडे हरिहरेश्वरचा डोंगर दिसतो. पोरं तटावर बसून सूर्य बुडेपर्यंत समुद्र बघत होती. नाराज होती, पण बघत होती.

त्या दिवशी प्रदक्षिणेच्या वाटेवर कोणालाही काही झालं नाही. ती सगळी माणसं, कडेवरच्या मुलासकट, परत आली असणार. दुसऱ्या दिवशी, ६ मेला, परतीच्या प्रवासात बातमी आली की कन्याकुमारी जिल्ह्यात लेमूर बीचवर ५ वैद्यकीय विद्यार्थी लाटेत ओढले गेले आणि बुडाले. बसमध्ये मोबाइल एकाकडून दुसऱ्याकडे फिरला. कोणी मोठ्याने काही म्हटलं नाही. तो १६०० मीटरवाला मागून उठून आला, माझ्या शेजारी बसला, आणि तिथीचा हिशेब तिकडेही चालतो का, एवढंच विचारलं.

त्या बातमीने मी बरोबर ठरले असं मला कधी वाटलं नाही. तो वेगळा किनारा होता, बाराशे किलोमीटर लांब. हरिहरेश्वरच्या खडकावर आमचे १६ जण उतरले असते तर काय झालं असतं, हे कन्याकुमारीवरून सिद्ध होत नाही. पूल वाहून गेला तर न गेलेल्या गाडीचा शहाणपणा दिसतो. पूल उभा राहिला तर तीच गाडी उगीच थांबलेली दिसते. थांबणाऱ्याने दोन्ही वेळी तेवढंच पाहिलेलं असतं: पुलावरून पाणी आहे.

आम्ही परत गेलो, ८ डिसेंबर २०२४ च्या रविवारी. सप्तमी संपून अष्टमी लागत होती, भांगाचे दिवस. पाणी फार उतरत नाही पण चढतंही सावकाश. इशारा नव्हता. वीस मिनिटं उभं राहून पाहिलं, लाटा लहान आणि सारख्या अंतराने होत्या. वाटाड्या तोच. दुपारी बाराच्या आधी खडकावर होतो आणि तासाभरात वळसा घालून किनाऱ्याला आलो. पायाखाली शेवाळ, कालवांच्या धारेने दोघांचे तळहात थोडे कापले. एका मुलीने जाळी पडलेल्या दगडाच्या खोबणीत हात घातला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

पण १६ पैकी ९ जणच होते. एकाला नाशिकला कंपनीत काम लागलं होतं. दोघांकडे दुसऱ्यांदा पैसे नव्हते. सोयाबीनला भाव नव्हता आणि मागायची सोय नव्हती. आम्ही दोघांचा खर्च उचलू म्हटलं तर त्यांना ते नको होतं. १६०० मीटरवाला कुठेतरी ट्रेनिंगला होता. दोन मुलींचं कॉलेज बदललं. आणि एकीचं, मला अभ्यासिकेत ‘आपल्याकडं नाही का’ विचारणाऱ्या मुलीचं, जूनमध्ये लग्न झालं होतं. मेमध्ये परत फिरण्याचा खर्च या सात जणांनी भरला. हिशेबात मी परतीच्या बेताचे फेरीबोटीचे पैसे धरले होते. हा आकडा धरता येत नाही, पण तो शून्य नव्हता.

आता फॉर्मवर एक ओळ वाढवली आहे: ठरलेला कार्यक्रम झाला नाही तर पुढच्या वेळी त्याच मुलामुलींना प्राधान्य, आणि प्रवासखर्चासाठी प्रत्येक सहलीतून माणशी २०० रुपये बाजूला. त्यात कोणाचे उपकार नाहीत, आधीच भरलेला वाटा आहे. परत येता येईल हे माहीत असलेली माणसं खिंडीच्या वरून लवकर वळतात.

लग्न झालेल्या त्या मुलीचा संक्रांतीला फोन आला होता. डिसेंबरचे फोटो तिने ग्रुपवर पाहिले होते. कोण कुठून पडता पडता वाचलं, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, “ताई, मे महिन्यात गेलो असतो तं काय झालं असतं?”

मी म्हटलं, “बहुतेक काहीच नाही.”

ती थोडा वेळ बोलली नाही. मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, “मले बी तसंच वाटते,” आणि पुढची सहल कधी आहे ते विचारलं.